फिरती पाळी

त्याला सगळे फुगेवाला म्हणत. कारखान्यात म्हणतच, पण गल्लीतही म्हणत. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका बाईनं तर मुलाच्या वाढदिवसाला रंगीत फुगे द्याल का म्हणून त्याचं दार वाजवलं होतं. त्यानं समजावत बसायचं टाळलं. "संपले," म्हणाला आणि दार लावून घेतलं. समजावायला अंगात जोर लागतो, आणि पहिल्या पाळीवरून घरी आल्यावर त्याच्या अंगात तो नसे.

आता फुगे तो बनवायचाच, खोटं कशाला बोला. फक्त त्याचा फुगा एकच होता आणि तो दोन मजले उंच. प्लॅस्टिकचा दाणा वरून एका जाड नळकांड्यात पडतो. आत फिरणारा लांबलचक स्क्रू त्याला दाबत, घुसळत, वितळवत पुढे ढकलतो. मग तो वितळलेला माल डाय नावाच्या गोल तोंडातून बाहेर येतो, त्यात हवा भरतात, की झाला फुगा. तो वर जातो, थंड होतो, माथ्यावरच्या रुळांत चेपून चपटा होतो आणि खाली येऊन रोलवर गुंडाळला जातो. तुमच्या नव्या गादीवरचं ते चुरचुरणारं कव्हर अशाच कुठल्यातरी फुग्यातून आलेलं असतं.

सांगायला सोपं आहे. करायला बसलात तर नाकी नऊ येतील. सगळा खेळ उष्णतेचा, आणि ती नुसती असून भागत नाही, सगळीकडे सारखी हवी. माल एका बाजूला जास्त तापला की सैल होऊन भसाभसा वाहतो, दुसऱ्या बाजूला कमी तापला की घट्ट राहून रेंगाळतो. मग फिल्म एकीकडे जाड, एकीकडे पातळ. फरक इतका बारीक की नुसती फिल्म चिमटीत धरून कळायचा नाही. पण जाडावर जाड, त्यावर पुन्हा जाड असे शेकडो थर एकाच जागी बसत गेले की रोलवर वळ उठतो. छडी खाल्ल्यावर पाठीवर उठतो ना, तसा. वळ आलेला रोल छापखानेवाले परत पाठवतात, आणि रोलबरोबर दोन शिव्याही येतात.

फुगेवाल्याच्या मशीनला वळ येत नसे. त्यात त्याची कर्तबगारी काही नव्हती, त्याच्या मशीनचा डाय फिरता होता एवढंच. डोळ्याला दिसणारही नाही इतक्या संथपणे तो एका बाजूला गोल फिरायचा, मग उलटा. त्यामुळे जाड भाग एका जागी न साठता रोलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाटला जायचा. थोडा इथं, थोडा तिथं. वरून रोल कसा गुळगुळीत. "आपल्या मशीनला वळ माहीत नाही," तो चहाच्या वेळी म्हणायचा. आयुष्यात फुशारकी मारायला एवढीच एक गोष्ट होती बिचाऱ्याकडे. मारेना का!

कारखान्यात पाळ्या होत्या तशी घरातही एक पाळी होती. आई कोणाकडे राहणार, त्याची. दोन महिने थोरल्या भावाकडे, दोन महिने याच्याकडे, दोन महिने धाकट्या बहिणीकडे. वडील गेल्यावर दादानंच हे बसवलं. "कोणा एकावर भार नको आणि आईलाही तिन्ही घरं आपली वाटतील," तो म्हणाला. ते सगळ्यांना पटलं, कारण त्यात न पटण्यासारखं काय होतं? कोणी भांडलं नाही, कोणी काखा वर केल्या नाहीत. नातेवाइकांत तर कौतुक व्हायचं, की बघा, तीन भावंडं आणि आईवरून एक शब्द नाही! आता आईला कोणी विचारलंच नाही, असंही नाही हं. विचारलं की. ती म्हणाली, "तुम्हाला बरं पडेल तसं करा." आया दुसरं काय म्हणतात?

तर दर दोन महिन्यांनी एका रविवारी दादाची गाडी कोणाच्या तरी दाराशी थांबायची, आणि आई तिची निळी कापडी पिशवी घेऊन निघायची.

फुगेवाल्याकडे आली की पहिले काही दिवस ती जरा गोंधळायची. मोरीऐवजी कपाटाचं दार उघडायची, पेला टेबलाच्या काठाबाहेर सोडून द्यायची, भिंतीला हात लावत चालायची. "जागा बदलली की होतं म्हाताऱ्या माणसांचं," बायको म्हणायची. दादाकडेही हेच म्हणत आणि बहिणीकडेही हेच. मग हळूहळू ती रुळायची, आणि रुळली रुळली म्हणेपर्यंत जायचा रविवार यायचा.

एकदा बायको वैतागून म्हणाली, "अहो, आई चहा ओतताना कपात बोट बुडवतात. पाहुण्यांसमोरसुद्धा!"

"सवय आहे तिची," तो म्हणाला. नव्हती खरं तर. पण तो आडवा पडला होता, आणि त्या विषयावर उठून बसणं त्याच्या जिवावर आलं होतं.

त्याला मात्र आईची एक गोष्ट फार आवडायची. तो दारात पाऊल टाकायचा आणि खुर्चीवरून ती म्हणायची, "आलास? आज फारच जळकट वास येतोय रे." जळक्या प्लॅस्टिकचा वास त्याच्या कपड्यांत, केसांत, नखांत कायमचा मुरलेला होता. बायकोला त्या वासाचा तिटकारा, मुलगा नोकरीला परगावी. तो घरी आला याची दखल घेणारं एवढं एकच माणूस होतं, तेही सहा महिन्यांतून दोन महिने.

या खेपेला जायचा रविवार जवळ आला तेव्हा आईनं कधी नव्हे ते काहीतरी मागितलं. त्याच्या शर्टाच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "या वेळी मी इथेच राहिले तर चालेल का रे?"

तो दचकलाच. "का? दादाकडे काही झालं का? वहिनी काही बोलल्या?"

"छे छे! सोन्यासारखी माणसं आहेत ती."

"मग?"

"काही नाही. जायचा कंटाळा आला."

"बघतो," तो म्हणाला.

या 'बघतो'चं वजन तुम्हाला-मला माहीत आहे. त्यानं खरंच बघायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण पाळी मोडायची म्हणजे दादाला फोन करायचा. दादा म्हणणार, आमचं काय चुकलं ते सांग. बहीण म्हणणार, मग मी काय परकी? दिवसभर भट्टीसारख्या उकाड्यात उभं राहून आल्यावर हे सगळं कोण अंगावर घेणार? बायकोनं तर सरळ सांगितलं, "राहायचंय तर राहू दे त्यांना, माझी ना नाही. पण दादांशी तुम्ही बोला. मी नाही वाईट होणार." ती बिचारी स्वतः दिवसभर शर्टांना काजं पाडून यायची, तिच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार? तेव्हा तो मूग गिळून गप्प बसला. आईनंही पुन्हा विचारलं नाही. गुरुवारी तिनं आपण होऊन पिशवी भरायला घेतली.

शुक्रवारी सकाळी डाय फिरायचा थांबला.

आवाज नाही, धूर नाही, काही नाही. फिरवणाऱ्या गिअरचे दात आतल्या आत झिजून गेले होते. तसाही तो इतका संथ फिरायचा की थांबलेला कोणाच्या लक्षात येणार? रोल तपासणाऱ्या बाईंनी रोलवरून तळहात फिरवला आणि त्या थबकल्या. पुन्हा फिरवला.

"अहो फुगेवाले, इकडे या. हात लावा इथं."

वळ होता. करंगळीएवढा जाड, रोलभर गोल.

"फुगेवाल्याचा फुगा फुटला!" शेजारच्या मशीनवरून आरोळी आली, आणि सगळे हसले. तो हसला नाही. पॅनेलपाशी जाऊन आकडे बघितले. नळकांड्याचे बरोबर, डायचा बरोबर. पाळीच्या मुख्य मॅडम आल्या तेव्हा तो जवळजवळ भांडायच्या सुरात म्हणाला, "मॅडम, सगळे आकडे बरोबर आहेत. दाण्यातच काहीतरी खोट आहे. मागेही पिशव्या फाटतात म्हणून कुरकुर आली होती, तेव्हाही दाणाच खराब होता."

मॅडमनी वाद घातला नाही. "आकडा आहे तो सेन्सर लावलाय तिथला," एवढंच म्हणाल्या. मग हातातलं तापमापक घेऊन त्या डायच्या भोवती ठिकठिकाणी टेकवत गेल्या. सेन्सरपाशी बरोबर. त्याच्या पुढे बरोबर. पलीकडच्या अंगाला गेल्या आणि आकडा घसरला, चांगलाच घसरला. वायरमननं वरचं पत्र्याचं झाकण काढलं. डायला गोल लावलेल्या हीटरपैकी एक मेलेला होता. वायरीचं टोक काळं पडून त्यावर धूळ बसली होती.

"हा काही आज गेलेला नाही," वायरमन म्हणाला. "बरेच महिने झाले असतील याला."

"महिने?" फुगेवाला म्हणाला. "मग इतके महिने वळ कसा नाही आला?"

"फिरत होता ना डाय," मॅडम म्हणाल्या. "दोष होताच. तो थोडा थोडा सगळीकडे वाटला जात होता, म्हणून कुठेच हाताला लागला नाही. एका जागी उभा असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं." त्यात टोमणा नव्हता. त्यांचेही गुडघे दुखत होते, त्याही सकाळपासून उभ्या होत्या.

त्यानंतर गिअर उघडताना तेलाची चिळकांडी उडाली ती थेट त्याच्या अंगावर. शर्ट, पँट, बूट, सगळं बरबटलं. मॅडमनी स्टोअरमधून नवा कोरा गणवेश काढून दिला आणि म्हणाल्या, "मशीन गार होऊन हीटर बसेपर्यंत आज काही चालू होत नाही. अंघोळ करा आणि जा घरी." त्यानं कारखान्याच्या न्हाणीघरात साबणाची वडी अर्धी होईतो अंग घासलं. घडीचा कडकडीत शर्ट चढवला, पायांत साध्या चपला सरकवल्या आणि भर दुपारी निघाला. इतक्या महिन्यांची फुशारकी आणि तिच्या पोटात मेलेला हीटर! रस्ताभर त्याच्या डोक्यात तेच होतं. स्वतःचीच लाज वाटत होती त्याला.

घराचं दार वाऱ्यासाठी उघडं होतं. आई समोरच खुर्चीवर बसली होती, तोंड दाराकडे, हात मांडीवर. निळी पिशवी पायाशी. खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप सरळ दारात, त्याच्या तोंडावर पडली होती. तो उंबऱ्यात थांबला आणि काही बोलला नाही, कारण बोलायची पाळी तिची होती. आता म्हणेल, आलास?

आईनं मान उचलली. बाहेरच्या माणसासाठी हसतात तसं हसली.

"कोण पाहिजे आपल्याला?" ती म्हणाली. "मुलगा कामावर गेलाय. सूनबाई येतील संध्याकाळी. या ना, बसा."

त्याला आधी वाटलं, थट्टा करतेय. मग तो आणखी एक पाऊल पुढे आला. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे भिंतीकडे लागली होती, आणि चेहऱ्यावर ते परक्यासाठीचं हसू तसंच होतं. जन्मात कधी तिनं त्याला अहो-जाहो केलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला. "मी आहे गं."

हसू गेलं. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला. "अगंबाई, तू? असा मेल्या, न बोलता... आज वास नाही आला तुझा."

तो तिच्या पायाशी फरशीवर बसला.

"तुला दिसत नाही."

"दिसतं की. उजेड कळतो. माणूस हललं की कळतं."

"कधीपासून?"

"आधी कडेकडेचं गेलं," ती म्हणाली. "मग मधलंही धूसर झालं. नेमकं कधी ते मलाही नाही सांगता यायचं."

"मग सांगितलं का नाहीस, आई?"

"कोणाला सांगायचं रे?" ती चिडली नव्हती, फार दमली होती. "दादाकडे असताना वाटलं सांगावं. तर जायचे दिवस आले, म्हटलं जाता जाता त्याच्या डोक्याला ताप कशाला. धाकटीकडे गेले तर तिचे ते जिने. ते पाठ करण्यातच जीव गेला माझा. तुझ्याकडे आले तर तू हा असा, घरी आलास की भुईला पाठ टेकणारा. आणि सांगितलं असतं तर मग म्हातारी आंधळी झाली म्हणून कोणाकडे ठेवायची, यावर बसला असतात तिघं. आत्ता निदान तिन्ही घरांत हौसेनं नेता मला."

त्यानं तिचा हात धरला. तिची बोटं त्याच्या मनगटावरच्या भाजल्याच्या जुन्या डागांवरून फिरली.

"तुझं घर आत्ता कुठे पाठ झालंय," ती म्हणाली. "खुर्चीवरून उठलं की डाव्या हाताला मोरी. मोरीतून बाहेर आलं की कॉट. रात्रीचं पाणी कुठे, कळतं. आता दादाकडे जायचं की परत पहिल्यापासून. पूर्वी व्हायचं पटकन पाठ, आता नाही होत. म्हणून विचारलं होतं तुला, राहू का म्हणून."

आणि तो 'बघतो' म्हणाला होता! त्याला रडू आलं. त्यानं ते आवरलं नाही, आवरायची ताकदच नव्हती. आईनं त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

"रड बाबा, रड," ती म्हणाली. "मला कुठे दिसतंय!"

संध्याकाळी त्यानं दादाला फोन लावला. सांगितलं.

"काहीतरीच काय! आमच्याकडे होती तेव्हा तर ठीक होती," दादा म्हणाला.

मग बहिणीला लावला. "माझ्याकडे तर छान होती रे," ती म्हणाली. "जिन्यावर जरा घाबरायची, तेवढंच."

त्याला संताप येत होता, पण तो कोणावर काढायचा? कारण डाय आज न थांबता सोमवारी थांबला असता, तर रविवारी पिशवी गेली असती, आणि कोणी विचारलं असतं तर त्यानंही याच सुरात हेच सांगितलं असतं. त्यानं पुन्हा दादाला फोन केला. "दादा, ती कोणाकडेच ठीक नव्हती," तो म्हणाला. "फिरत होती, म्हणून आपल्याला कळलं नाही." दादा म्हणाला, "तू दमलायस. रविवारी मी येतो, न्यायला. मग बोलू."

शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्यात उरलंय ते थेंबांनी टिकवता आलं तर टिकवू, डॉक्टर म्हणाले. आधी आणलं असतं तर, एवढं बोलून ते थांबले आणि औषध लिहू लागले.

रविवारी दादा आला. नेहमीसारखा बोटात गाडीच्या किल्ल्या खुळखुळवत. माणूस वाईट नव्हता तो. तिन्ही घरांत आईच्या गुडघ्यांचं तेल कमी पडू न देणारा तोच. त्यानं उंबरा ओलांडला आणि खुर्चीवरून आई म्हणाली, "दादा आला वाटतं. ये रे."

दादानं भावाकडे बघितलं. "बघ! ओळखलं की लगेच!" केवढा जीव भांड्यात पडला होता त्याचा! "उगीच घाबरवलंस मला. चल आई, पिशवी घे."

फुगेवाल्याकडे युक्तिवाद नव्हता. दादाशी बोलण्यात तो आजवर कधी जिंकला नव्हता. तो नुसता पुढे झाला, दादाच्या बोटातून किल्ल्या काढून घेतल्या आणि खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, कपाटापाशी जाऊन उभा राहिला. किल्ल्या त्याच्या हातात किणकिणल्या.

आईचा चेहरा त्या आवाजाबरोबर वळला. दादा तिच्या अगदी समोर उभा होता, हात लांब केला असता तर लागला असता. ती कपाटाकडे बघून प्रेमानं म्हणाली, "तिकडे उभा का रे दादा? दमला असशील. बस ना, चहा टाकायला सांगते."

बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी राहिली. दादानं एकदा आईकडे, एकदा किल्ल्यांकडे बघितलं, आणि मग एवढा मोठा माणूस मटकन खाली बसला. जरा वेळानं उठला. आईच्या पायाशी ठेवलेली निळी पिशवी त्यानं उचलली. फुगेवाला पुढे झाला, पण दादा दाराकडे गेला नाही.

"ही कुठे असते इथं?" त्यानं विचारलं.

"कॉटच्या उशाशी," फुगेवाला म्हणाला. "भिंतीकडून."

दादा वाकला आणि पिशवी तिथे ठेवली. मग जरा तिरकी वाटली म्हणून पुन्हा वाकून ती नीट भिंतीला टेकवली, आणि आईला हाताला धरून कॉटपाशी आणून तिचा हात त्या पिशवीला लावला.